आरे म्हंजे मराठी

खुशालबाबू ज्या तहसील हापिसात होते (आमच्याकडं, तेलुगू मुलखात, त्याला एमआरओ हापिस म्हणतात) तिथं त्यांच्या टेबलापर्यंत माणूस पोचायच्या आधी त्यांचा जय भीम माणसापर्यंत पोचायचा. कापसाचा व्यापारी असो, जंगलपट्टीतून आलेला गोंड म्हातारा असो, नाहीतर नवीन बदलून आलेला साहेब, खुशालबाबू खुर्चीतून अर्धे उठायचे, दोन्ही हात छातीशी आणायचे आणि खणखणीत म्हणायचे, "जय भीम!" समोरच्यानं काय म्हणायचं ते समोरच्यानं ठरवावं. कोणी राम राम म्हणे, कोणी सलाम, कोणी नुसतीच मान हलवी. एका साहेबानं तेलुगूत टोमणा मारला होता, की हापिसात गुड मॉर्निंग चालते, हे काय नवीन काढलं? खुशालबाबूंनी हसत सांगितलं, "सर, गुड मॉर्निंग दुपारपर्यंतच चालते. हे दिवसभर चालते." सगळं हापिस हसलं. साहेबही हसला, आणि पुढं कितीतरी दिवस खुशालबाबूंची रजा काही मंजूर झाली नाही.

ही सवय त्यांनी बापाकडून घेतली नव्हती, बापाकडं पाहून घेतली होती. बाप पैनगंगेच्या काठच्या एका गावात सालगडी. जन्मभर तोंडात एकच, "जोहार, मायबाप." पाटलाला जोहार, पाटलाच्या पोराला जोहार, पाटलाच्या जावयाच्या घोड्यालाही जोहार. "माह्या बापाची मान जोहार करून करून खालीच राह्यली," खुशालबाबू सांगायचे, "मेल्यावर आमी सरळ केली." म्हणून जय भीमाचा त्यांचा एक नियम होता. पैला आपण म्हणायचा. दुसऱ्यानं म्हटल्यावर म्हटला तर तो नुसता जबाब झाला; आणि जबाब तर बापही देतच होता.

नोकरी संपल्यावरही ते नेरडीगोंड्याला, आपल्या गावी, सडकेच्या अलीकडं, वस्तीतल्या आपल्या घरातच राहिले. बायको द्वारकाबाई तरुणपणी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचलेली, हाताची बोटं अजून खरबरीत, आणि जीभ बोटांहून खरबरीत. सकाळी दोघं मिळून विहार झाडायचे. चौदा एप्रिलला विहारात भाषण खुशालबाबूंचंच. त्या भाषणात दरवर्षी लंडन यायचं. बाबासाहेब शिकायला होते तेव्हा ज्या घरात राहिले, त्या घराचं वर्णन खुशालबाबू असं करायचे, की काल तिथं चहा पिऊन आलेत. तो जिना, ती थंडी, ते ओले बूट, ते अर्ध्या पोटानं वाचणं. मागच्या सतरंजीवरून फकिरा ओरडायचा. फकिरा गवंडी, बालपणचा दोस्त.

"खुशाल्या, जिन्याचा कठडा कोण्या बाजूनं हाये?"

"डाव्या."

"पाह्यला का तू?"

"पाह्यला नाही. डोळ्यापुढं हाये."

बाया पदरात तोंड घालून हसायच्या, आणि भाषण पुढं चालायचं. पण ते घर एकदा खरंच पाहायचं, त्याच्या दारासमोर उभं राहून पैला जय भीम आपण म्हणायचा, एवढी एक गोष्ट खुशालबाबूंनी आयुष्याकडं मागितली होती. बाकी जे मिळालं ते मागून मिळालं नव्हतं.

मुलगा हर्षदीप. हैदराबादला इंजिनियर झाला आणि कंपनीनं त्याला इंग्लंडला नेलं. तेलुगू मुलखाच्या रिवाजाप्रमाणं शाळेतच त्याच्या आडनावाचं अक्षर झालं होतं, एन. हर्षदीप. नगराळे हे आडनाव त्या एका अक्षरात जाऊन बसलं, ते पुन्हा कोणी बाहेर काढलं नाही. खुशालबाबूंना त्यात काही वाटलं नव्हतं. वर्गातल्या सगळ्याच पोरांचं तसं होतं.

यंदाच्या जुलैत हर्षदीपनं आईबापाला बोलावलं. सून शुभांगी, सहा वर्षांची नात मयूरी, सगळ्यांनी मिळून फिरायचं, किल्ले, तळी, आणि शेवटी लंडन. वस्तीत बातमी फुटली त्या दिवशी फकिऱ्यानं हातोडी घेऊन विहाराच्या भिंतीत, बुद्धमूर्तीच्या बाजूला, एक भरभक्कम खिळा ठोकला.

"त्या घरासमोर उभा राहून फोटो काढ," तो म्हणाला. "पांढरा सदरा घाल. भिंतीवर निळी गोल पाटी हाये म्हणे, ते आली पाह्यजे फोटोत. अन् हसू नको. दात किडके हायेत तुहे."

"अजून विमानात नाही बसलो मी, अन् तू खिळा ठोकून राह्यला?"

"फोटो येईल तवा येईल बापा. खिळा तयार पाह्यजे."

तिकडं उन्हाळा चालू आहे, असं हर्षदीप म्हणाला. बाहेर पाणी पडत होतं. विमानतळावरून त्याच्या गावापर्यंत पाणी, गावात पाणी, दुसऱ्या दिवशी खिडकीचा पडदा सारला तर पाणी.

"हा उन्हाळा?" द्वारकाबाई म्हणाल्या. "मंग हिवाळ्यात काय माणसं भिजत घालते का हे लोक?"

"आई, इथं असंच असते."

"आपल्याकडं पाणी आलं की दणादणा येते अन् मोकळं होते. हे तर म्हाताऱ्याच्या लघवीवाणी. सुटत नाही अन् थांबत नाही."

शुभांगीच्या हातातला चहा हसण्यानं सांडला. हर्षदीप मात्र हसला नाही. "लोकांसमोर असं नको बोलत जाऊ, आई."

"कोणते लोक? रस्त्यावर कुत्रं तरी दिसून राह्यलं का?"

लोक येणार होते. फिरायला जायची मोठी गाडी दोन घरांनी मिळून ठरवली होती. हर्षदीपच्या कंपनीतला मित्र राजकुमार, निजामाबादकडचा. त्याची बायको, मुलगी, आणि त्याचे वडील. वडिलांना त्यांच्या गावात सगळे पटेल म्हणत. जमीनजुमल्याचं घर, निजामाच्या काळापासूनची पटेलकी, म्हणजे आपली पाटीलकी.

निघायच्या सकाळी खुशालबाबू दारात बसून नवीन बुटांच्या नाड्या बांधत होते. हर्षदीप बाजूला येऊन उकिडवा बसला. असा तो लहानपणी बसायचा, वहीला पैसे पाहिजे असले म्हणजे.

"पप्पा, एक सांगू? राग नका येऊ देऊ."

"बोल."

"राजकुमारच्या घरच्यायसमोर जय भीम नका म्हणू. नमस्ते म्हणा."

खुशालबाबूंच्या हातातली नाडी तशीच राहिली. "काऊन?"

"असंच. मी काही लपवून नाही राह्यलो. पण इथं आमचा ग्रुप हाये. सण सोबत करतो, पोरी सोबत खेळते. मयूरी तर त्याच्याच घरी असते शाळा सुटल्यावर. उगंच विषय कायले?"

"जय भीम म्हंजे विषय?"

हर्षदीपनं बापाच्या शर्टाच्या खिशाकडं पाहिलं. तिथं निळा बिल्ला होता, अशोकचक्राचा, किती वर्षांपासून तिथंच. "अन् तो बिल्ला..."

"वरून स्वेटर घालतो," खुशालबाबू म्हणाले. "थंडी तर हायेच." मग त्यांनी विचारलं, "शेवटच्या दिवशी नेशीन ना ते घर पाहाले?"

"नेतो ना पप्पा. पक्कं."

असा तो सौदा झाला. सौदा आहे हे दोघांनाही त्या वेळी समजलं नाही. आतून द्वारकाबाई ओरडल्या, "मले काही शिकवू नको रे! माह्या तोंडाले झाकण नाही."

गाडी चालू झाली. किल्ला पाहिला, आत राजाचा पलंग, बाहेर पाणी. तळं पाहिलं; तळ्यात पाणी, तळ्यावर पाणी, आणि तळ्याच्या फोटोतही पाणी. पटेल दिलदार माणूस. थोराड अंगाचे, गळ्यात मफलर, प्रत्येक ठिकाणी खुशालबाबूंच्या डोक्यावर स्वतःची छत्री धरायचे. खुशालबाबूंचं तेलुगू हापिसातलं, पक्कं. दोघांचं जमलं. पटेलांना शेतीची आठवण यायची. हिरवी कुरणं पाहून म्हणायचे, एवढं पाणी, अन् पेरलं काहीच नाही. नुसतं गवत अन् मेंढरं! खुशालबाबू म्हणायचे, आमच्याकडं असं पाणी असतं तर आम्ही गच्चीवरही कापूस लावला असता.

दुसऱ्या दिवशी, गाडी एका लांबच लांब सडकेवर असताना, पटेलांनी सहज विचारलं. निजामाबादकडं विचारतात तसंच, गुडघ्यावर हात ठेवून, आपुलकीनं.

"मीरु एमोळ्ळु?"

तुम्ही कोण लोक. म्हणजे जात कोणती.

खुशालबाबू उत्तराला तोंड उघडणार, तोच गाडी चालवणारा हर्षदीप समोर पाहूनच बोलला, "आरेवाळ्ळु, अंकल."

आरे. आमच्या जिल्ह्यात हा शब्द दोन तोंडांचा आहे. बाजारात तेलुगू दुकानदाराला विचारा, मराठी बोलणारा जो कोणी असेल तो आरे. मग तो पाटील असो, कुणबी असो, नाहीतर खुशालबाबू. पण सोयरीक लावताना, पंगतीला बसवताना, दाखला काढताना आरे म्हणजे मराठा. शेतवाला. ओट्यावर बसणारा, ओट्याखाली उभा राहणारा नव्हे. खुशालबाबूंची अर्धी नोकरी जातीच्या दाखल्यांच्या मिसली पुढं सरकवण्यात गेली होती. या शब्दाचं कोणतं तोंड कुठं उघडतं हे त्यांना ठाऊक होतं. पोरालाही ठाऊक आहे, हे त्यांना त्या गाडीत कळलं.

पटेलांनी मांडीवर थाप मारली. "आरे! मग असं म्हणा की! आमच्या गावात आरे पटेलांची घरं आहेत. आमचे आजोबा त्यांच्या ओट्यावर पान खायचे. तुमची चालबोल पाहूनच मी सुनेला म्हणालो होतो, हे चांगल्या घरचे दिसतात."

आणि ते मोकळे झाले. आपल्या माणसाजवळ माणूस मोकळा होतो तसे. गाव कसं बिघडलं ते सांगू लागले. ज्यांनी अंगणात यायला भ्यावं ते आता हापिसात बसलेत. साधा कागद पाहिजे तर त्यांच्या टेबलासमोर उभं राहावं लागतं. "तुम्ही तर एमआरओ हापिसात होता. तुम्हाला काय सांगायचं?"

"हां," खुशालबाबू म्हणाले.

सुनेनं डबा काढला. सकिनालू होत्या, तांदळाच्या पिठाची तीळ घातलेली कुरकुरीत कडी. पटेलांनी एक उचलली, मोडली, अर्धी खुशालबाबूंच्या हातावर ठेवली आणि अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. खुशालबाबूंच्या बापाच्या ओंजळीत पाणीसुद्धा वरून पडायचं. इथं पटेल अर्धी मोडून देत होता. बाप असता तर रडला असता. खुशालबाबूंना मात्र तो तुकडा चावता चावेना. खडा तोंडात धरावा तसा त्यांनी तो गालात धरून ठेवला, आणि काच खाली करून बाहेर टाकावा म्हटलं तर बाहेर पाणी.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत द्वारकाबाईंनी ओली लुगडी खुर्च्यांवर पसरत विचारलं, "आरे म्हंजे मराठी ना? तो दुकानदार मलेही आरे अम्मा म्हणते. मंग खोटं काय बोलला पोरगा?"

"खोटं नाही बोलला."

"मंग तोंड काऊन असं करून बसले?"

"तेच तर," खुशालबाबू म्हणाले. "खोटं बोलला असता तर कानाखाली देता आली असती."

लंडनला आले त्या सकाळी हर्षदीपनं बापाला बाजूला घेतलं. हातात फोन. "पप्पा, ते घर बंद हाये. दुरुस्ती चालू हाये म्हणते. नेटवर दाखवून राह्यलं."

"बाहेरून?"

"चहूकडून झाकून ठेवलं असन. अन् या पाण्यात कुठं जाता?"

खुशालबाबूंनी मान हलवली. उलट द्वारकाबाईंना त्यांनीच समजावलं, की जुनी इमारत म्हटली म्हणजे दुरुस्ती आलीच, आपलं नशीब. स्वेटरवरून छातीवर हात फिरवला. बिल्ला आत होता.

मोठ्या नदीच्या काठी बोटीची वाट पाहत सगळे पत्र्याखाली उभे होते. हर्षदीप आणि राजकुमार तिकिटाच्या खिडकीपाशी. द्वारकाबाई मयूरीला घेऊन संडासाकडं गेलेल्या. खुशालबाबूंचा स्वेटर पाण्यानं निथळत होता, अंगात थंडी भरत होती. त्यांनी तो काढून पिळायला घेतला. बाजूला पटेल कागदी कपातला चहा फुंकत होते.

"जय भीम, दादा!"

समोर एक माणूस उभा होता. त्यांच्याच वयाचा, डोक्यावर टूरवाल्यांची टोपी, दोन्ही हात छातीशी. मागं त्याची बायको आणि आणखी आठदहा जण, सगळ्यांच्या अंगावर पातळ प्लास्टिकचे रेनकोट. "बिल्ला पाह्यला ना खिशावर, मंग राहवलं नाही. मी अमर. आमी यवतमाळकडचे."

खुशालबाबूंचे हात सवयीनं छातीपर्यंत आले. तोंडही उघडलं. पण पटेलांचं चहा फुंकणं थांबलं होतं. आणि तिकडं खिडकीपाशी हर्षदीप वळून पाहत होता. लहानपणी सुईवाला कंपाउंडर दारात दिसला की त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता.

"नमस्ते," खुशालबाबू म्हणाले.

अमर नावाच्या त्या माणसानं एकदा बिल्ल्याकडं पाहिलं, एकदा तोंडाकडं. आपलं ऐकण्यात काही चुकलं असावं म्हणून पुन्हा हसला. "आमी आत्ताच बाबासाहेबाचं घर पाहून येऊन राह्यलो, दादा. काय सांगू, पायच निघत नव्हते. तुमी जाऊन आले का?"

"बंद हाये ना ते?" खुशालबाबूंच्या तोंडून निघून गेलं.

"कोण म्हणते? सताड उघडं हाये. आत्ता तर आलो ना आमी."

खुशालबाबू हातातला स्वेटर पिळत राहिले. त्या माणसानं मग पटेलांकडं पाहिलं, त्यांच्या चांगल्या कोटाकडं पाहिलं, आणि त्याला काहीतरी उमजलं. "बरं," तो म्हणाला. "नमस्ते." चुकीचं दार ठोकलेला माणूस म्हणतो तसं म्हणाला, आणि आपल्या माणसांकडं वळला.

तेवढ्यात द्वारकाबाई मयूरीचा हात धरून आल्या. कानावर यवतमाळकडची बोली पडली होती. इतक्या दिवसांनी! लांबूनच त्यांनी आवाज दिला, वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर देतात तसा.

"ओ भाऊ! जय भीम! कोण्या गावचे व्हय तुमी?"

ती सगळी माणसं एकदम वळली. "जय भीम, बाई! जय भीम!" आठदहा तोंडांचा तो जय भीम पत्र्याखाली घुमला. काठावर उभा असलेला पोलीसही वळून पाहू लागला.

पटेल सुसंस्कृत माणूस. त्यांनी काही विचारलं नाही. बिल्ल्याकडं पाहिलं, द्वारकाबाईंकडं पाहिलं, हर्षदीपकडं जरा जास्त वेळ पाहिलं, आणि उरलेला चहा कपासकट डब्यात टाकून दिला. बोटीत ते पलीकडच्या बाजूला बसले. तिकडून पूल चांगला दिसतो म्हणाले. परतीच्या वाटेत सकिनालूचा डबा पुन्हा निघाला. खुशालबाबूंनाही मिळाली. कागदाच्या पत्रावळीवर, मयूरीच्या हातून, न मोडलेली, अख्खी.

छत्री मात्र त्यांची त्यांनाच धरावी लागली. हर्षदीपनं त्या संध्याकाळी एका दुकानातून त्यांना नवीन घेऊन दिली.

घरी आल्यावर शुभांगीनं मयूरीला वर नेलं, आणि हर्षदीप आईवर घसरला. "झालं समाधान? सगळ्या दुनियेले ऐकू जाईन एवढं वरडाचं काय काम होतं?"

"मी काय शिवी देल्ली का कोणाले? आपल्या माणसाले हाक मारली."

"आपली माणसं! ते बसमधून येते, फोटो काढते, अन् जाते आई. आपली माणसं इथं हेच हायेत. दुखलं खुपलं तं राजकुमार येते. मयूरी जलमली तवा त्याच्याच बायकोनं डबे देले. आता तो फोन नाही उचलून राह्यला." मग तो बापाकडं वळला. "तुमचं बरं होतं पप्पा. दिवसभर हापिसात जय भीम म्हणाचं, अन् संध्याकाळी वस्तीत घरी याचं. मी कोण्या वस्तीत जाऊ इथं?"

 पोरगं खोटं बोलत नव्हतं. या खेपेलाही नाही.

"तुमी तर बरोबर बोलले होते ना," हर्षदीप जरा हळू झाला. "नमस्ते म्हणले होते. तुमचं मले काहीच म्हणणं नाही."

खुशालबाबूंनी मान खाली घातली. ती तशीच राहिली. द्वारकाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्यांना तोवर हे माहीतच नव्हतं. "तुमी नमस्ते म्हणले?" त्यांनी विचारलं. "त्या माणसाले?"

भांडण तिथंच संपलं.

दुसऱ्या सकाळी उघाड पडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऊन आलं, कोवळं, स्वच्छ. समोरच्या घरांची कौलंही धुऊन वाळत घातल्यासारखी दिसत होती. शुभांगीनं सासऱ्याचा पांढरा सदरा इस्त्री करून दाराच्या मुठीला अडकवला होता. हर्षदीप गाडीची किल्ली घेऊन उभा. रात्रभर झोपला नव्हता, डोळे लाल.

"चला पप्पा. आता लपवाचं काय राह्यलं? चला, दाखवतो तुमचं घर."

"बंद हाये ना ते?"

हर्षदीपनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "उघडं हाये."

"नाही," खुशालबाबू म्हणाले. "बंद हाये."

"पप्पा, चुकलं माहं. म्हणलं ना. चला आता."

"तुह्यावर राग नाही रे. त्या दारापुढं उभं राहून पैला आपण म्हणा लागते. मी त्या माणसाले जबाबसुद्धा देल्ला नाही. माह्या बापानं तरी जबाब देल्ला असता."

द्वारकाबाई पदर खोचून पुढं झाल्या. "एवढे समुंदर ओलांडून आले. जन्मभर त्या घराचे गोडवे गायले. मी सांगते, उठा."

"तू जाय. तुह्या तोंडाले हक्क हाये."

"अन् तिथं काय सांगू? मालक कुठं हाये म्हणलं तर? घरी रुसून बसला म्हणू?"

त्या गेल्या नाहीत. दिवसभर ऊन होतं. मागच्या अंगणात मयूरीच्या सायकलीजवळ खुशालबाबू पायरीवर बसून राहिले. सदरा दाराच्या मुठीला संध्याकाळपर्यंत लटकत होता. मग शुभांगीनं तो घडी घालून त्यांच्या पेटीत ठेवला. निघायच्या दिवसापर्यंत पुन्हा पाणीच होतं.

नेरडीगोंड्याला परत आले तेव्हा इकडचा पाऊस भरात होता, दणादणा येणारा आणि मोकळा होणारा. कापूस गुडघ्याला लागला होता. पहिल्याच सकाळी दोघं विहार झाडायला गेले, तर फकिरा आधीच येऊन बसलेला, सोबत नागनाथ मास्तर आणि वस्तीतली आणखी माणसं. खिळ्याला फकिऱ्यानं मधल्या काळात पांढरा रंगही दिला होता.

"जय भीम, लंडनवाले!" फकिरा ओरडला. "आण फोटो."

खुशालबाबूंनी छत्री मिटली. पाणी झटकलं. झटकतच राहिले.

"नाही जमलं, फकिरा. बंद होतं घर. दुरुस्ती चालू होती."

"आँ? अन् बाहेरून?"

"पाणी होतं."

"येवढे दिवस पाणी?"

"तिकडं उन्हाळा तसाच असते."

कोपऱ्यात द्वारकाबाई केरसुणी घेऊन वाकल्या होत्या. त्या सरळ झाल्या. ज्या तोंडाला झाकण नाही असं त्या स्वतःच सांगत, ते तोंड उघडलं. नवऱ्याकडं पाहिलं. मग मिटलं, आणि त्या जिथं झाडून झालं होतं तिथंच पुन्हा झाडू लागल्या.

नागनाथ मास्तर म्हणाले, एवढ्या दुरून जाऊन वाईट झालं. कोणी विचारलं, जिन्याचा कठडा तरी समजला का कोण्या बाजूनं? कोणी हसलं नाही. फकिऱ्यानं दोस्ताच्या पाठीवर सिमेंटनं फुटलेला आपला हात ठेवला.

"जाऊ दे लेका. घर कुठं पळून नाही राह्यलं. पुढच्या खेपेले." मग त्यानं खुशालबाबूंच्या हातातली छत्री घेतली, लंडनची, लाकडी मुठीची, वळून वळून पाहिली. "माल भारी हाये पण," म्हणाला, आणि ती त्या खिळ्याला अडकवली. "तोवर हे राहू दे."

छत्रीतून भिंतीवर पाण्याचा ओघळ उतरू लागला. माणसं उठली, चपला शोधू लागली. दाराशी फकिरा वळला, हात छातीशी नेले, आणि क्षणभर थांबला. खुशालबाबू आधी म्हणतील म्हणून, नेहमीप्रमाणं. ते भिंतीकडं पाहत होते.

"जय भीम, खुशाल्या," शेवटी फकिराच म्हणाला.

"जय भीम," खुशालबाबूंनी जबाब दिला.